व मंडळी

कोथरूडमधील आमची सोसायटी १९७८ साली बांधलेली. तिच्या पुनर्विकासाचा करार झाला, जानेवारी २०२५ अखेरपर्यंत घरे रिकामी करून द्यायची असे ठरले आणि माळ्यावर काय काय आहे ते पाहण्याचे काम माझ्या वाट्याला आले. हे घर वडिलांनी घेतलेले. ते २०११ मध्ये गेले, आई २०२१ मध्ये गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात मी आणि माझे यजमान तिथे राहायला आलो, ते तिथेच राहिलो. तांब्याचा बंब, जुन्या गाद्या, पितळी पराती, वडिलांच्या नोकरीतली कागदपत्रे यांचा निकाल एका रविवारात लागला. बंबाला गिऱ्हाईक मिळाले, गाद्या कापूसवाल्याने नेल्या. मागे उरले फोटोंचे २३ अल्बम, बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे आणि स्टुडिओंची पिवळी पाकिटे. भाड्याने घेतलेल्या घराला माळा नव्हता, आणि इमारत पुन्हा उभी राहायला किमान अडीच वर्षे लागणार होती.

रद्दीवाल्याने बाकीचे सामान उचलताना अल्बमांकडे पाहिले आणि न विचारताच सांगितले, "ताई, एक्स-रे असतील तर द्या, फोटो घेत नाही मी. त्याला भाव नाही." एक्स-रेच्या फिल्ममधून चांदी निघते, म्हणून तिला गिऱ्हाईक असते. रंगीत फोटोच्या कागदावर मात्र प्लॅस्टिकचा थर असतो आणि तो कागदाच्या लगद्यातही चालत नाही. म्हणजे आजोबांच्या गुडघ्याचा एक्स-रे विकला गेला आणि आजोबांचा फोटो राहिला, हे ऐकून यजमान बराच वेळ हसत होते.

धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचे मत स्वच्छ होते: सगळे स्कॅन करायचे, एका डिस्कवर ठेवायचे आणि कागद टाकून द्यायचा. मला ते पटले नव्हते, पण का पटले नाही हे तेव्हा सांगता आले नाही. मी फक्त म्हटले, आधी सगळे एकदा पाहून घेऊ. सप्टेंबरमध्ये दिवाणखान्यात सतरंजी अंथरून मी मोजायला बसले. सारे मिळून ३,८०० च्या आसपास फोटो भरले.

सगळ्यांत जुने अल्बम काळ्या जाड कागदाचे होते. दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद आणि फोटोच्या चारी टोकांना चिकटवलेले कागदी कोपरे. वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता आणि त्याच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. रोल पुरता संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही असा दंडक असल्यामुळे एकाच रोलवर गणपती, दिवाळी आणि पुढल्या वैशाखातली एखादी मुंज असे सारे वर्ष मावत असे. त्यामुळे या अल्बमांत वाया गेलेला फोटो जवळजवळ नाही. १९६५ ते १९७९ ही पंधरा वर्षे दोन अल्बमांत आटोपली आहेत. त्यानंतर छत्तीस फोटोंचे रोल आले, कोपऱ्याकोपऱ्यावर कलर लॅब आल्या, आणि १९९६ च्या केरळच्या एकाच सहलीचेही दोन अल्बम झाले, ज्यांत अलेप्पीच्या पाण्याचेच एकोणीस फोटो आहेत.

फोटोंच्या प्रकृतीचा हिशेब मात्र उलटा निघाला. साठीतले कृष्णधवल फोटो कडेला थोडी चंदेरी झाक सोडली तर ठणठणीत होते. १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो लालसर पडले होते, इतके की आईची हिरवी पैठणी तपकिरी दिसत होती. जुन्या कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि नीट धुतलेला फोटो फार टिकतो. रंगीत फोटोतली प्रतिमा रंगद्रव्यांची असते, आणि त्या काळच्या कागदांवरचा निळसर रंग बंद अल्बमच्या अंधारातही आधी उडून जायचा. त्यात आम्ही ते सारे माळ्यावर ठेवले, जिथे मे महिन्यात स्लॅब तापतो आणि श्रावणात ओल धरते. सर्वांत वाईट अवस्था १९८०-९० च्या दशकांतल्या चिकट पानांच्या अल्बमांची होती. तेव्हा ते मोठ्या कौतुकाने घेतले जात, कारण कोपरे चिकटवायची कटकट नव्हती, वरचे प्लॅस्टिक उचलायचे आणि फोटो ठेवायचा. त्या गोंदाच्या पट्ट्या आता पिवळ्या पडून फोटोंच्या पाठीत भिनल्या होत्या, आणि फोटो ओढला की त्याचा कागदच फाटत होता.

१९६१ च्या आधीचे फोटो आमच्याकडे एका पाकिटात आहेत. सतरा फोटो, बस. त्यापूर्वी आजी-आजोबा नारायण पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यात खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली तेव्हा घरातली माणसे ओंकारेश्वराकडून वर पळाली आणि वाचली. घरात राहिलेले सामान सारे वाहून गेले. नंतर आजी-आजोबा गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहिले. पुण्यातल्या पुष्कळ घरांत काळ मोजायची रीतच 'पाण्याच्या आधी' आणि 'पाण्यानंतर' अशी आहे, आणि आमच्याकडे फोटोंनाही तीच लागू होती. आजीचे माहेर इंदूरचे. पुराची बातमी कळल्यावर तिच्या भावाने त्यांच्या घरी असलेले, एखादा सोडला तर पुण्याहूनच वेळोवेळी गेलेले सतरा फोटो सप्टेंबर १९६१ मध्ये टपालाने परत पाठवले. ते मूळ पाकीटही आजीने टाकले नाही.

हे पाकीट लहानपणापासून पाहिलेले, पण भावाला उत्तर देता येईल असे काही त्यात आहे हे मला त्या सतरंजीवर बसल्यावर लक्षात आले. घरात जपून ठेवलेला एकही फोटो वाचला नव्हता. वाचले ते दुसऱ्यांना दिलेले फोटो. मी भावाला तसे कळवले. तो म्हणाला, "मग माझंही तेच म्हणणं आहे की. डिस्कवर ठेव, मला एक प्रत पाठव." त्याचे म्हणणे चूक नव्हते. पण तोवर मला दुसऱ्या एका अडचणीने गाठले होते आणि ती कोणत्याही डिस्कने सुटणारी नव्हती.

अल्बमांत फोटोंखाली मजकूर आहे. काळ्या पानांवर वडिलांनी पांढऱ्या शाईने, वळणदार अक्षरांत लिहिलेला. पण तो असा: "मुंजीच्या दिवशी. अण्णा, भाऊ, अक्का, माई व मंडळी." आमच्या नात्यात अण्णा तीन आहेत, भाऊ किती आहेत याची मोजदाद नाही, आणि माई प्रत्येक घरात एक होती. लिहिणाऱ्याला कोण ते ठाऊक होते, वाचणाऱ्यांनाही ठाऊक होते, म्हणून नाव लिहिण्याचे कारण नव्हते. मोठ्यांचे नाव घ्यायचे नाही हा संस्कारही त्यात आहेच. आणि 'व मंडळी' या दोन शब्दांत तर कधी कधी अकरा माणसे उभी असतात. पूर्ण नावे फक्त एकाच प्रकारच्या फोटोंवर सापडली: शाळेच्या आणि कचेरीच्या ग्रुप फोटोंवर. पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, खाली छापील ओळ, 'बसलेले (डावीकडून)' आणि 'उभे'. त्यामुळे वडिलांच्या १९५० सालच्या वर्गातली चाळीस मुले मला आडनावांनिशी ठाऊक आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या मुंजीत मांडवात बसलेल्या बायका ठाऊक नाहीत.

नावे सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे माझी आत्या. ती सदाशिव पेठेत तिच्या मुलाकडे असते, वय ८८, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, ऐकू थोडे कमी येते. मी दर रविवारी दुपारी तिच्याकडे जाऊ लागले. जाताना दोन अल्बम, भिंग, मऊ शिसाची पेन्सिल आणि तिचे बोलणे टिपून घ्यायला फोन. पहिल्या रविवारी माझी पद्धत चुकली. मी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून "हे कोण?" असे विचारत होते आणि ती दमत होती. चौकशीला बसवल्यासारखे तिला वाटले असावे. दुसऱ्या वेळी मी नुसता अल्बम तिच्या मांडीवर ठेवला आणि गप्प बसले. मग ती आपणहून बोलू लागली, आणि चेहऱ्यापासून नव्हे तर वस्तूंपासून. "ही खुर्ची आपली नाही, म्हणजे हा फोटो गोखलेनगरचा नाही." "ह्या पाटल्या वहिनीच्या, पण हात वहिनीचा नाही, तिनं कुणाला तरी घालायला दिल्या असणार." पाटल्यांवरून तिने १९६८ च्या एका डोहाळजेवणातली बाई ओळखली: शेजारची, कारण गर्भारपणात फोटो काढायचा म्हणून आईने दागिने दिले होते. हे मी चेहऱ्यावर बोट ठेवून जन्मभर विचारले असते तरी कळले नसते.

तिची आठवण सर्व ठिकाणी सारखी नव्हती. एकच फोटो दोन रविवारी तिने दोन निरनिराळ्या लग्नांतला सांगितला. अशा वेळी मी दोन्ही नोंदी ठेवल्या आणि पुढे पत्रिका, मुंजीचे वर्ष, मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर यांवरून ताडून पाहिले. सातव्या रविवारपर्यंत सुमारे चारशे चेहऱ्यांना नावे मिळाली.

सतरा फोटोंच्या पाकिटात एका मुलीचा स्टुडिओतला फोटो आहे. मागे रंगवलेला पडदा, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी, नऊवारी नेसलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. पाठीवर इंदूरच्या स्टुडिओचा शिक्का आणि दौतीच्या शाईत 'चि. द्वारका, १९३२'. लग्नासाठी दाखवायला काढतात तसा हा फोटो आहे हे दिसत होते, पण द्वारका कोण हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. इंदूरची कुणी नातलग असेल, चुकून पाकिटात आली असेल, असे वडील म्हणायचे. तो फोटो मी 'इंदूरला परत पाठवायचे' या ढिगात ठेवला होता. आत्याने भिंगातून पाहिले आणि म्हणाली, "अगं, ही आई."

आमच्या आजीचे नाव रमा. घराच्या कागदपत्रांत रमाबाई, मृत्युपत्रात रमाबाई, वडिलांच्या नावाच्या फॉर्मवर आईचे नाव रमा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहायचे, आणि त्या दिवसापासून मुलगी त्या नावाने ओळखली जायची, ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत होती, अजूनही काही घरांत आहे. आजीचे १९३३ मध्ये लग्न झाले आणि द्वारका हे नाव इंदूरला राहिले. तिच्या पोटच्या मुलाने तो फोटो पन्नास वर्षे हाताळला आणि ही आपली आई हे त्याला समजले नाही. आत्याला ठाऊक होते, कारण ती लहानपणी उन्हाळ्यात आजोळी जायची आणि तिथे आजीला सगळे 'द्वारकी' म्हणायचे. वडिलांना का ठाऊक नसावे, असे मी विचारले. आत्या म्हणाली, "तो कुठं बसायचा बायकांत!"

माझेही नाव १९८७ मध्ये लग्नात बदलले. माहेरच्या अल्बमांत आईच्या हातचे एक नाव आहे आणि सासरच्या अल्बमांत दुसरे, आणि माझ्या मुलीला दोन्ही ठाऊक आहेत म्हणून मी आजवर त्याचा विचार केला नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाईच्या फोटोमागे दोन्ही नावे लिहू लागले, जिथे मिळाली तिथे. 'सौ. काकू' असा मजकूर असलेल्या एकाहत्तर फोटोंपैकी बावन्न फोटोंना माहेरचे नाव मिळाले. उरलेल्यांच्या माहेरी आता विचारायला कुणी नाही.

एका फोटोबाबत आत्या बोलली नाही. १९६६ चा, गोखलेनगरच्या अंगणातला, नऊ जणांचा फोटो आहे आणि त्यातली उजवीकडून दुसरी व्यक्ती कात्रीने कापून काढलेली आहे. फार सफाईने, शेजारच्याच्या खांद्याची रेषाही न दुखवता. शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या कोपरावर त्या व्यक्तीच्या हाताची तीन बोटे राहिली आहेत. आत्याने पान उलटले आणि म्हणाली, "ते राहू दे." मी दोन रविवारांनी पुन्हा तो अल्बम नेला, ती पुन्हा तेच म्हणाली. मी फोटो आहे तसा स्कॅन केला आणि पाठीवर लिहिले की एक व्यक्ती कापलेली आहे, कोण ते आत्याला ठाऊक आहे, तिने सांगितलेले नाही.

स्कॅनिंगचे काम मी आधी बाहेर दिले होते. एका दुकानात चारशे फोटो दिले, ते वेळेत परत आले, पण क्रम बदललेला होता, पाठीमागचा मजकूर स्कॅन केलेला नव्हता, आणि कुणी तरी 'सुधारणा' म्हणून सारे चेहरे गुळगुळीत करून टाकले होते. आत्याच्या गालावरची देवीची खूण नाहीशी झाली होती. मग मी साधा सपाट स्कॅनर विकत घेतला. जुने फोटो लहान असतात, म्हणून ते ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, असे घेतले. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो त्यात २,१०० बाय ३,००० ठिपक्यांचा होतो आणि दुप्पट आकारात छापला तरी नीट दिसतो. नव्वदीनंतरचे मोठे फोटो ३०० वर भागले. प्रत्येक फोटोची पाठ वेगळी स्कॅन केली, आणि काळ्या अल्बमांची तर आख्खी पाने आधी जशीच्या तशी घेतली, कारण वडिलांनी कुठला फोटो कुणाच्या शेजारी लावला हेही मला टिकवायचे होते. फायलींना वर्ष, घर आणि पानाचा क्रमांक अशी नावे दिली.

चिकट पानांवरचे फोटो सोडवायला दातांत फिरवायचा रेशमी दोरा उपयोगी पडला. फोटोखालून तो हलके हलके करवतीसारखा ओढला की गोंद सुटत जातो. केस वाळवायच्या यंत्राने पान तापवायचा सल्ला अनेक जण देतात. मी एका फोटोवर करून पाहिले आणि तो वळला. जे सुटले नाहीत ते पानासकट ठेवले. लिहिण्याचीही अशीच गंमत: जुन्या कागदी फोटोंच्या पाठीवर पेन्सिल छान उमटते, प्लॅस्टिकचा थर असलेल्या फोटोंवर उमटतच नाही, आणि बॉलपेनने लिहिले तर पुढे चेहऱ्यावर वळ दिसतात. म्हणून अशा फोटोंसाठी चिठ्ठीवर लिहून ती फोटोसोबत एकाच पाकिटात ठेवली. निगेटिव्हच्या एका डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. फिल्मचा पायाच कुजू लागला की असा वास येतो आणि तो दोष शेजारच्या फिल्मलाही लवकर लागतो. तो डबा त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा केला.

टाकून देणे हे मला वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले आणि वाटले होते त्यापेक्षा अवघडही. अलेप्पीचे पाणी, महाबळेश्वरचे पॉइंट, ज्यांत माणूसच नाही असे शेकडो फोटो बघता बघता बाजूला झाले. एकाच क्षणाचे तीन-तीन, हललेले, अर्धे डोके कापलेले, लग्नातल्या अनोळखी पंगतींचे. सुमारे १,९०० फोटो टाकायचे ठरले. मात्र टाकायचे म्हणजे काय करायचे, इथे अडले. माणसांचे फोटो फाडवत नाहीत. जाळायचे तर प्लॅस्टिकचा धूर. एका मैत्रिणीने नदीत सोडायचे सुचवले. पाण्याने आमचे पुष्कळ फोटो नेलेले आहेत, आणखी कशाला द्यायचे, असे मी तिला म्हटले. शेवटी यजमानांनी ते काम घेतले. क्रिकेटची मॅच लावून, हाताकडे न पाहता, त्यांनी चार संध्याकाळींत सगळे कात्रीने उभे कापले आणि पट्ट्या सुक्या कचऱ्यात दिल्या.

वाटणीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता आणि त्यातच सर्वांत जास्त नकार मिळाले. ज्या घराचे जे फोटो आहेत ते मूळ प्रतीसह त्या घराला द्यायचे, आपल्याकडे स्कॅन ठेवायचे, असे मी ठरवले होते. काही जणांनी आनंदाने नेले. एका चुलतबहिणीने "आमच्याकडे जागा नाही गं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक" असे सांगितले, आणि तिचे घर माझ्या भाड्याच्या घराहूनही लहान आहे हे मला माहीत असल्याने मी राग धरला नाही. एका चुलतभावाला त्याच्या वडिलांचा मुंजीतला फोटो पोचला तेव्हा त्याने फोन केला आणि काहीच बोलला नाही, मग थोड्या वेळाने पुन्हा करतो म्हणाला. माझ्या मुलीने बंगळूरहून सांगितले की तिला सगळे नकोत, बारा निवडून दे. तेही मी तिच्यावरच सोपवले. तिने निवडलेल्या बारांत माझ्या लग्नाचा एकही नाही. द्वारकाचा आहे. सुमारे १,१५० फोटो असे तेरा घरांत गेले.

भाचीने इंडियन मेमरी प्रोजेक्टबद्दल सांगितले. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या त्या संग्रहात लोक घरातले जुने फोटो त्यामागच्या हकिगतीसह देतात. इंदूरहून आलेले पाकीट तिथे शोभले असते. मी आत्याला विचारले. घरच्या बायकांचे फोटो सगळ्या जगाने पाहावेत हे तिला रुचले नाही, आणि ज्यांचे फोटो त्यांचे मत विचारता येत नाही तेव्हा तिचे मत मी मानले. पुढे कुणाला द्यावेसे वाटले तर त्यांनी द्यावे.

आता आमच्या ताब्यात सुमारे ७०० फोटो आणि चार अल्बम आहेत. वडिलांचे काळ्या पानांचे दोन्ही मी मोडले नाहीत. त्यांतला एकही फोटो काढला नाही, ज्यांना हवे होते त्यांना प्रती करून दिल्या. ते आतल्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून वर, कापडात गुंडाळून ठेवले आहेत. स्कॅनची एक डिस्क माझ्याकडे, एक भावाकडे, एक भाचीकडे. भावाने त्याच्या डिस्कमधला 'गोखलेनगर' हा विभाग एका रात्रीत पाहून काढला आणि दुसऱ्या दिवशी मला तेवीस प्रश्न पाठवले. ज्यांना नाव मिळाले नाही असे एकसष्ट फोटो एका वेगळ्या पाकिटात आहेत.

डिसेंबरात मी इंदूरला वडिलांच्या मामेभावांना, ज्यांचे वय आता ८१ आहे, काही फोटो पाठवले होते. द्वारकाच्या फोटोची मोठी प्रतही त्यात होती, पाठीवर दोन्ही नावे लिहून. घर सोडायच्या आठवड्यात, अर्धे सामान खोक्यांत गेलेले असताना, त्यांचे कुरिअर आले. त्यांच्याकडच्या एका पोथीत सापडलेला फोटो होता, १९६१ च्या पाकिटातून सुटलेला अठरावा. नारायण पेठेतल्या वाड्याची ओसरी, आजी-आजोबा, वडील, आत्या, दोन काका, आणि खांबाला टेकलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. वाहून गेलेल्या त्या घराचा एवढाच फोटो आता आहे. पाठीवर लिहिले होते: "द्वारकीचे घर, पुणे. जावई, मुले व मंडळी."

मी तो तसाच आत्याकडे नेला. तिने ओसरी ओळखली, कोनाडा ओळखला, स्वतःचा परकर-पोलका ओळखला. खांबाजवळच्या मुलावर भिंग बराच वेळ धरून ठेवले. "हा आपल्यातला नाही," ती म्हणाली, "शेजारच्या बिऱ्हाडातला असणार. ते लोक पाण्यानंतर कुठं गेले, काही कळलंच नाही." मी पेन्सिलीने तेवढेच लिहिले, आणि फोटो बासष्टावा म्हणून त्या पाकिटात न ठेवता काळ्या अल्बमच्या पहिल्या कोऱ्या पानावर लावला. कागदी कोपरे आता सहज मिळत नाहीत. वडिलांच्या डब्यात चार शिल्लक होते.